मारियसच्या लीजनसमोर आझँकूरचे धनुर्धारी: खुल्या स्पर्धा असाव्यात का?

भालाईत

प्राचीन आणि मध्ययुगीन सैन्यांच्या मिनिएचर-स्पर्धांत, म्हणजे छोट्या रंगवलेल्या पुतळ्यांची सैन्ये टेबलावर लढवण्याच्या स्पर्धांत, खुल्या स्पर्धेची प्रथा इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी शंका काढणाराच विक्षिप्त ठरतो. ठरलेल्या आकारात किंवा ठरलेल्या पॉइंटांत (नियमांनी प्रत्येक तुकडीला लावलेल्या किमतींच्या बेरजेत) बसेल असे कोणत्याही शतकातले आणि कोणत्याही प्रदेशातले सैन्य आणायचे आणि सोडतीत ज्याच्याशी गाठ पडेल त्याच्याशी लढायचे, असा हा प्रकार आहे. त्यामुळे इ. स. पू. १०० च्या सुमाराचा रोमन सेनापती मारियस याच्या लीजनसमोर, म्हणजे रोमन पायदळासमोर, १४१५ च्या आझँकूरच्या लढाईतले इंग्रज धनुर्धारी उभे राहतात आणि दीड हजार वर्षांचे अंतर कोणाच्याही डोळ्यांत खुपत नाही. माझ्या मते प्रत्येक स्पर्धा एका कालखंडापुरती आणि परस्परांशी खरोखर संबंध आलेल्या सैन्यांपुरती मर्यादित असावी. हे मी इतिहासाच्या सोवळेपणातून म्हणत नाही. नियमांचे गणितच तसे सांगते.

डी बेलिस अँटिक्विटाटिस, म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाचे १९९० सालचे डीबीए, हेच उदाहरण घेतो. त्यात सैन्य १२ एलिमेंटचे, म्हणजे एकेका बेसवर बसवलेल्या १२ तुकड्यांचे असते आणि प्रत्येक वर्गाला पायदळाविरुद्ध एक आणि स्वारांविरुद्ध एक असे दोन अंक असतात. दोन्ही बाजू फासा टाकून त्यात आपापला अंक मिळवतात. बेरीज कमी भरली तर एलिमेंट सहसा मागे रेटले जाते, आणि समोरच्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी भरली तर बहुतेक वेळा टेबलावरून उचलावे लागते. यातल्या ‘ब्लेड’ वर्गाला पायदळाविरुद्ध ५ आणि स्वारांविरुद्ध ३ मिळतात. रोमन लीजनचा सैनिक या वर्गात आहे, व्हायकिंग आहे, आणि नखशिखान्त पोलादी चिलखत घालून घोड्यावरून उतरलेला पंधराव्या शतकातला सरदारही आहे. हे तिघे एकमेकांच्या बरोबरीचे आहेत असे नियमकर्त्यांना म्हणायचे नव्हते. प्रत्येकजण आपल्या काळातल्या शत्रूंच्या तुलनेत साधारण एकाच जागी उभा होता, एवढाच त्या ५ चा अर्थ आहे. तो अंक सापेक्ष आहे, आणि सापेक्ष अंक त्याच्या संदर्भातून उचलून दुसरीकडे नेला की केवळ आकडा उरतो.

पॉइंटांवर चालणाऱ्या नियमांत हीच अडचण किमतीच्या रूपाने समोर येते. हत्ती चिलखती घोडेस्वारांना भारी पडतो, पण भालेफेके आणि गोफणदार यांच्यापुढे त्याची त्रेधा उडते. मग त्याची किंमत किती असावी? सेल्यूकसने चंद्रगुप्ताकडून मिळवलेल्या हत्तींपैकी सुमारे ४०० हत्ती इ. स. पू. ३०१ मध्ये इप्ससच्या लढाईत उतरवले आणि पाठलागात दूर गेलेल्या, शत्रुपक्षाच्या डिमिट्रियसच्या घोडदळाची परतीची वाट त्यांनीच अडवली. त्या युद्धात हत्ती म्हणजे सोने होते. खुल्या स्पर्धेत मात्र हत्तीची किंमत कधीही प्रत्यक्षात न आलेल्या एका ‘सरासरी’ शत्रूच्या हिशेबाने ठरते आणि बाकीचे सोडतीवर सोडून दिले जाते.

चौकोनी फासा

धागाकर्ते भालाईत यांनी ‘ब्लेड’चे उदाहरण चांगले निवडले आहे, परंतु ते त्यांच्याच विरुद्ध जाते असे मला वाटते. डीबीएपूर्वीच्या, १९६९ पासूनच्या जुन्या नियमांत शस्त्र, चिलखत आणि रचना यांची तपशीलवार कोष्टके होती. त्यांच्या १९८० च्या सहाव्या आवृत्तीत एक फिगर (पुतळा) २० माणसांची धरली जात असे आणि प्रत्येक फिगरचे नुकसान कागदावर मोजावे लागे. डीबीएने ते सगळे जाणूनबुजून बाजूला सारले आणि सैनिकाच्या अंगावर काय आहे यापेक्षा तो लढतो कसा, हे विचारले. ठाम उभे राहून हातघाईची लढाई करणारा तो ‘ब्लेड’. वर्ग वर्तनावरून पाडलेले असल्यामुळे ते शतकांची सरहद्द ओलांडू शकतात. बुद्धिबळात उंट तिरका का चालतो, याचा ऐतिहासिक दाखला आपण मागत नाही.

शिवाय कालखंडाची रेघ नेमकी कुठे मारायची, हे धागाकर्त्यांनी सांगितलेले नाही. मॅरेथॉनची लढाई इ. स. पू. ४९० ची आणि गौगामेलाची इ. स. पू. ३३१ ची. दोन्हीकडे एका बाजूला अकिमेनिड इराणीच होते, पण मधल्या १५९ वर्षांत ते सैन्य इतके बदलले की गौगामेलाला त्यात चाकांना पाती लावलेले रथ आणि १५ हत्ती दिसतात. १३३७ ते १४५३ पर्यंत चाललेल्या शंभर वर्षांच्या युद्धात चिलखत साखळ्यांवरून पत्र्यांवर आले. क्रेसीचे (१३४६) फ्रेंच सरदार आझँकूरच्या (१४१५) धनुर्धाऱ्यांसमोर उभे करणे चालेल का? चालत असेल, तर ६९ वर्षे खपतात आणि ६९० खपत नाहीत, हे कोणत्या तत्त्वावर?

आता व्यवहाराकडे येतो. कालखंडाने बांधलेल्या स्पर्धेत सर्वोत्तम सैन्य कोणते, हे पहिल्या आठवड्यातच सर्वांना कळते. मग निम्मे खेळाडू तेच आणतात आणि उरलेले निम्मे त्याच्यावर उतारा म्हणून बेतलेले सैन्य आणतात. खुल्या स्पर्धेत समोर काय येणार हे ठाऊक नसल्यामुळे हातखंडा उपाय चालत नाही. बगल सांभाळणे, राखीव तुकडी योग्य क्षणी सोडणे आणि फासा रुसला तरी फळी न मोडू देणे, याच गोष्टी कामाला येतात. कौशल्य पाहायचे असेल तर अनिश्चितता हवी.

रंगारी

या चर्चेत ब्रशचा विचार कोणी केलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. १५ मिलिमीटरच्या फिगर घासून, प्रायमर मारून, रंगवून आणि बेसवर गवत चिकटवून २०० पॉइंटांचे पूर्ण सैन्य तयार करायला माझ्यासारख्या नोकरदाराला काही महिने लागतात. धागाकर्त्यांचे ऐकायचे तर या स्पर्धेसाठी डायडॉकी (अलेक्झांडरचे वारसदार सेनापती), पुढच्या स्पर्धेसाठी धर्मयुद्धे आणि त्यापुढच्या स्पर्धेसाठी व्हायकिंग असे तीन संसार मांडावे लागतील.

माझे सैन्य सुमेरियन आहे. उरच्या उत्खननात सापडलेल्या जडावाच्या फलकावर जे चारचाकी रथ दिसतात, ज्यांना घोडे नव्हे तर गाढवाच्या जातीची जनावरे जुंपलेली आहेत, ते मी रंगवले आहेत. भरीव लाकडी चाकांच्या फळ्यांचे जोडसुद्धा दाखवले आहेत, जे हातभर अंतरावरून कोणालाच दिसत नाहीत. त्या रथांचा खरा शत्रू घेऊन येणारा दुसरा खेळाडू मला आजवर भेटलेला नाही. खुली स्पर्धा नसेल तर माझे रथ कपाटातच लढतील. मी बहुतेक सामने हरतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला न्याय नको आहे, गाठ पडायला कोणीतरी हवे आहे.

भालाईत

रंगारी यांच्या रथांपुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. ज्या सैन्याला समकालीन प्रतिस्पर्धी मिळतच नाही, त्याला दार बंद करणे अन्यायाचे होईल.

चौकोनी फासा यांचा रेघेविषयीचा प्रश्नही योग्य आहे, पण त्याचे उत्तर वर्षांच्या मोजणीत नाही. एखादे सैन्य जसे घडते तसे का घडते, हे पाहिले पाहिजे. १४२२ मध्ये अर्बेदो येथे स्विस लोकांची परशूधारी फळी मिलानच्या, घोड्यावरून उतरून लढणाऱ्या चिलखती स्वारांपुढे टिकली नाही, आणि त्यानंतर त्यांच्या सैन्यात लांब भाल्यांचे प्रमाण वाढत गेले. कॅनीला (इ. स. पू. २१६) रोमनांची दाट फळी वेढ्यात सापडली. झामाला (इ. स. पू. २०२) स्किपिओने तुकड्या एकामागे एक उभ्या करून मधे गल्ल्या ठेवल्या आणि हॅनिबलचे हत्ती त्या गल्ल्यांतून निघून गेले. प्रत्येक सैन्य हे कोणाला तरी दिलेले उत्तर असते. मारियसच्या लीजनला लांब धनुष्याचा प्रश्न कधी कोणी विचारलाच नव्हता. मग तिने चुकीचे उत्तर दिले असे गुणपत्रकावर लिहिण्यात काय हशील आहे? क्रेसीचे फ्रेंच आणि आझँकूरचे इंग्रज मात्र एकाच वादातली दोन वाक्ये आहेत, म्हणून तिथे ६९ वर्षे खपतात.

बुद्धिबळाची उपमा मला मुळीच पटत नाही. बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सारखीच सोंगटी मिळते. आपल्या खेळात सामना सुरू होण्यापूर्वीच, कोणते सैन्य आणायचे म्हणून सैन्यांची यादी चाळताना, अर्धी लढाई होऊन जाते, आणि यादी चाळणारा हिशेबनीस इतिहासासाठी चाळत नाही. ज्याला लीजनचा खरोखर लळा आहे तो दोन स्पर्धा हरतो आणि तिसऱ्या स्पर्धेला नाइलाजाने त्या वर्षीचे ‘चालणारे’ सैन्य घेऊन येतो. कौशल्याची कसोटी म्हणता ती यादीची कसोटी होऊन बसते.

मोजपट्टी

मी खेळतो कमी आणि पंचगिरी जास्त करतो, त्यामुळे दोन्ही पक्षांना न आवडणारे मत मांडतो. शतकांच्या अंतरामुळे माझ्यासमोर जेवढे तंटे झाले त्याच्या कितीतरी पट तंटे टेबलाच्या कडेमुळे झाले आहेत.

कार्ऱ्हे येथे इ. स. पू. ५३ मध्ये पार्थियन (इराणी) सेनापती सुरेनाने सुमारे १०,००० स्वारांनिशी क्रॅससच्या रोमन सैन्याचा धुव्वा उडवला. त्यातले पूर्ण चिलखती स्वार सुमारे १,००० होते आणि बाकीचे धनुर्धारी होते. त्यांना तीन गोष्टींनी तारले: मोकळे मैदान, हवे तितके मागे सरण्याची मुभा आणि बाणांचा साठा लादून सोबत फिरणारे उंट. आपल्याकडे २०० पॉइंटांची लढाई १२० बाय ८० सेंटिमीटरवर होते. तिथे पार्थियन दोनदा मागे सरला की टेबलावरून खाली पडतो. उलट एखाद्या पायदळी सैन्याने बगल टेबलाच्या कडेला टेकवली की ती जणू सह्याद्रीच्या कड्याला टेकली, कारण कडेपलीकडून वळसा घालता येत नाही. या पार्थियनांसमोर त्यांचेच समकालीन रोमन ठेवले, म्हणजे भालाईत यांची अट तंतोतंत पाळली, तरी कार्ऱ्हेचा सामना इतिहासाच्या उलटा लागण्याची शक्यता राहतेच.

दुसरा भाग गुणांचा. वेळ संपल्यावर अनिर्णित सामन्याला जितके गुण द्याल तितके खेळाडू सावकाश खेळतील. हरणाऱ्यालाही शत्रूच्या केलेल्या नुकसानीचे गुण मिळतात, तिथे शेवटच्या अर्ध्या तासात लोक पुढे येऊन लढतात. मिळत नाहीत, तिथे ते तंबूशेजारी उभे राहून घड्याळ पाहतात. हे मी दोन्ही प्रकारच्या स्पर्धांत, खुल्या आणि बांधलेल्या, सारखेच पाहिले आहे. कालखंड बदलून माणसाचा स्वभाव बदलत नाही. गुणतक्ता बदलून थोडाफार बदलतो.

चौकोनी फासा

मोजपट्टी यांचा कडेविषयीचा मुद्दा मान्य, पण तो मूळ प्रश्नाला बगल देतो (शब्दश्लेष अनवधानाने झाला).

भालाईत यांचे ‘उत्तर’ हे सूत्र मला आवडले. यादी चाळण्याचा रोगही मी नाकारत नाही. मात्र त्यावर कालखंडाचे कुंपण हा उपाय नाही, कारण हिशेबनीस कुंपणाच्या आतही चाळतच राहील. डीबीए खेळणाऱ्यांत जोडीची पद्धत आहे, तिचा विचार व्हावा. यात यजमान खेळाडू एकमेकांशी खरोखर लढलेली दोन सैन्ये आणतो, आणि कोणती बाजू घ्यायची हे पाहुणा ठरवतो. एक बाजू जाणूनबुजून तगडी केली तर तीच पाहुण्याच्या हाती पडते. त्यामुळे लबाडीचा फायदाच उरत नाही. आपण लहानपणी एकाने केळे मोडायचे आणि दुसऱ्याने तुकडा निवडायचा, असे वाटे करत होतो, तोच हा न्याय. किमतीचा वादही यात विरघळतो, कारण बरोबरी साधण्याची जबाबदारी नियमांच्या पुस्तकावरून यजमानाच्या डोक्यावर येते. लढत तासाभरात संपत असल्याने बाजू बदलून दुसरा डावही होऊ शकतो.

रंगारी यांचा आक्षेप येण्यापूर्वीच सांगतो की दोन्ही सैन्ये मिळून २४ एलिमेंट होतात, म्हणजे २०० पॉइंटांच्या एका सैन्याएवढेच काम. सुमेरियनांसमोर दुसरे सुमेरियनच ठेवावेत. लगश आणि उम्मा ही नगरे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी भांडतच होती.

रंगारी

म्हणजे आणखी रथ. बरे, ढाली वेगळ्या रंगात करेन.

भालाईत

जोडीची पद्धत मला मान्य आहे. मी माझी जोडी इथेच जाहीर करतो: हेराक्लिया, इ. स. पू. २८०, एका बाजूला पिऱ्हसचे एपिरसी सैन्य आणि दुसऱ्या बाजूला रोमन. भाल्यांची फळी विरुद्ध लीजन, शिवाय पिऱ्हसचे हत्ती. बाजू चौकोनी फासा यांनी निवडावी.

चौकोनी फासा

मी हत्तींची बाजू घेतो. मात्र नोंदीसाठी लिहून ठेवतो की रोमनांनी हत्ती प्रथम पाहिले ते हेराक्लियालाच, आणि त्यांचे घोडे बिथरले ते त्यामुळेच. आपल्याच सूत्राप्रमाणे त्यांना तोवर तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. आपण निवडलेली लढाई ही खुल्या स्पर्धेची सोडतच होती.

भालाईत

होती खरी. पण पुढच्याच वर्षी, अस्क्युलमला, रोमन हत्तींना रोखण्यासाठी ३०० गाड्या घेऊन आले, असे हॅलिकार्नाससच्या डायोनिसियसने लिहिले आहे. त्यांतली एक मी रंगवून ठेवली आहे. दुसऱ्या डावाला आणतो.

मोजपट्टी

गाडी कोणत्या वर्गात मोजायची, हे पहिल्या डावापूर्वी लिहून द्यावे.