घरात कोण काय म्हणायचं? मुरलेली वाक्यं इथं लिहा

संत्राबाग
लेक पाचवीत आहे. परिपाठाला सुविचार सांगायची तिची पाळी आली. बाईंनी बजावून ठेवलं होतं की मोबाईलमधला नको, घरच्या मोठ्या माणसाला विचारा, आणि वाक्य कोणाचं तेही विचारून या. मी वालाच्या शेंगा मोडत बसले होते, मला काही सुचेना. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीत खाटेवर पडले होते. तिथूनच म्हणाले, "लिही माय. गाव हा विश्वाचा नकाशा, गावावरून देशाची परीक्षा. गावचि भंगता अवदशा, येईल देशा."

मामाजींना सहीपुरतं लिहिता येतं. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय, त्यातलं एक पान त्यांनी स्वतः वाचलेलं नाही. सगळं कानानं. मी लग्न होऊन आले तेव्हा गुरुदेव सेवा मंडळाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व्हायची. 'है प्रार्थना गुरुदेव से' सुरू झालं की बाया चुलीवरचं उतरवून निघायच्या. प्रार्थनेनंतर एक जण ओव्या वाचायचा, बाकीचे ऐकायचे. मामाजी सांगत होते, ओवी ऐकली की दुसऱ्या दिवशी पहाटे खराटे घेऊन बाजारओळ झाडायला जायचो, नुसती ऐकून कोणी झोपत नव्हतं. लेक त्यांच्याजवळ तासभर बसली. सुविचार एकच पाहिजे होता, वही अर्धी भरली.

तेव्हापासून वाटतंय, प्रत्येक घरात अशी वाक्यं असतीलच. संतांची, लेखकांची, मोठ्या माणसांची. तुमच्या घरात कोण काय म्हणायचं? लिहा ना.

वऱ्हाडी ठेचा
ताई, डोळ्यात पाणी आणलं. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गेला नसाल तर एकदा जा. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, ४ वाजून ५८ मिनिटांनी. दरवर्षी पुण्यतिथीला त्याच वेळेला मौन पाळतात. एवढी लाखोंची गर्दी, आणि लेकरूसुद्धा रडत नाही.

पूर्णाकाठ
माह्या आबाजीनं गाडगेबाबाचं कीर्तन डोयानं पायलं होतं. सांगे का बाबा लोकाईले प्रश्न इचारे अन् उत्तर त्याईच्याच तोंडून काढे. 'जेवाचं ताट मोडा, हातावर भाकर खा, पण पोराईले शिकवा', हे त्याईचं बोलणं आमच्या घरात चटणी-भाकरीसारखं रोजचं होतं.

मले आयटीआयले पाठवाचं ठरलं तवा फी भराले पैसे नव्हते. कापूस घरात, भाव पडेल. मायनं पितळेचा गुंड काढला, तिच्या माहेरचा, काठाले नाव कोरलेला. आबाजी म्हणे, बाबानं ताट मोडाले सांगतलं होतं, गुंड मोडला तरी चालते. भांडेवाल्यानं काट्यावर ठेवाच्या आंधी मायनं तो पदरानं आतून-बाहेरून पुसला. मोडीत जाणारं भांडं कोणी पुसते का? तिनं पुसलं. आज मी विजेच्या लायनीवर हावो, बहीण अंगणवाडीत हाये. बाबाचं वाक्य कोणी भिंतीवर लिवो न लिवो, आमच्या घरात ते त्या गुंडात होतं.

निंबोणी
@पूर्णाकाठ भाऊ, तुमच्या माउलीला नमस्कार सांगा. बाकी काही लिहिता येत नाही.

पेढीवाला
बाबा आमच्या वलगावजवळच गेले, पेढी नदीपाशी, २० डिसेंबर १९५६. आजी सांगे का त्या दिवशी गावात चूल पेटली नाही.

पूर्णाकाठ
@निंबोणी सांगतो ताई. आता वावरात गेली हाये, ऐकत नाई कोनाचं.

मलकापूरची
आमचं गाव खानदेशाला लागून, त्यामुळे आमच्याकडं बहिणाबाईच. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तवा मिळते भाकर.' आत्याबाई भाकरी थापतानाच म्हणायच्या. मी नवी होते, हात पोळला की रडायचे. त्या कधी रागावल्या नाहीत, ही ओळ म्हणायच्या आणि पोळल्या बोटाला तूप लावायच्या. पुढं कळलं, बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी उतरवून घेतलं, आणि अत्र्यांच्या प्रयत्नानं पुस्तक निघालं ते १९५२ साली, म्हणजे त्या गेल्यावर. किती बायांचं असं कोणी उतरवून घेतलंच नसेल. गॅसवर दूध आहे, नंतर येते.

मास्तर निवृत्त
संत्राबाग, तुमच्या लेकीच्या बाईंचं मला फार कौतुक वाटलं. 'कोणाचं वाक्य' हे विचारायला लावलं, तिथंच शिकवणं आहे. आता मोबाईलवर कोणाचंही वाक्य कोणाच्याही फोटोखाली येतं. तुकोबांचा अभंग विवेकानंदांच्या नावावर मी स्वतः वाचला. ज्यानं आयुष्य झिजवून ते म्हटलं, त्याचं नाव पुसणं मला सहन होत नाही.

मी बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाकडं होतो. मेहुणा राजा तिथून जवळ, ते चोखोबांचं जन्मगाव मानतात. फळ्यावर लिहिलं, 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा.' एका पोरानं विचारलं, गुरुजी, ऊस डोंगा कशानं होतो? मी सांगितलं, वाऱ्यानं आडवा पडला की पुन्हा वर उठताना वाकतो. दुसऱ्या दिवशी तो मामाच्या मळ्यातून खरोखर वाकडं कांडं घेऊन आला. दप्तराबाहेर हातभर निघालेलं. सगळ्या वर्गानं मिळून खाल्लं. मग मी त्यांना सांगितलं की हा माणूस विठ्ठलाचा एवढा भक्त, पण जातीमुळं त्याला देवळाच्या बाहेर उभं राहावं लागलं. वर्ग एकदम गप्प झाला. उसाचा रस हनुवटीवर तसाच. पाठ कर म्हणावं लागलं नाही कोणाला.

तान्हा पोळा
गुरुजी तुमच्या वर्गात बसायला पाहिजे होतं. आमच्या गुरुजींनी नुसती प्रतिज्ञा पाठ करून घेतली.
आमच्याकडं शहाणपण पोळ्याला बैलांसमोर म्हणायच्या झडत्यांत. 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव' म्हणून सुरू करायचं, पुढं कापसाच्या भावापासून सरपंचापर्यंत सगळे. काकांच्या झडतीला सरपंच स्वतः हसले होते.

वऱ्हाडी ठेचा
@तान्हा पोळा यंदा बैल किती आले तुमच्या तोरणाखाली? आमच्याकडं ट्रॅक्टरच जास्त.

तान्हा पोळा
कमीच. पण लहान पोरांचे लाकडी बैल मोजले तर तोरण भरलं म्हणा.

धामकाठ
पवनारजवळ माहेर. आईला विनोबांच्या गीताईमुळं वाचता यायला लागलं. वर्ध्याला गीताई मंदिर आहे, वर छप्पर नाही, उभ्या शिळांवर १८ अध्याय कोरलेले. आई कापूस विकायला बाबांसोबत वर्ध्याला जायची. बाबा बाजारात, ही शिळांजवळ. अक्षरावर बोट फिरवून वाचायची. 'गीताई माउली माझी, तिचा मी बाळ नेणता, पडता रडता घेई उचलूनि कडेवरी.' हे तोंडपाठ होतंच, त्यामुळं कोणतं अक्षर कोणतं ते तिचं तिनं जुळवलं. उन्हाळ्यात दगड तापायचा, तर सकाळीच जायची. बाबा हाक मारून थकायचे.

काळी माती
सगळ्यांचं वाचलं. मी जरा वेगळं लिहितो, वाईट वाटून घेऊ नका.
पप्पा गेले. बोंडअळीचं वर्ष होतं, कर्ज होतं, पुढचं तुम्ही समजून घ्या. घरी रीघ लागली. प्रत्येक जण एक वाक्य सांगून जाई. धीर धर, वेळ जाते, देव पाहते. मला त्या वाक्यांचा राग यायला लागला. एक काका आले, पप्पांसोबत डवऱ्यावर, म्हणजे कोळपणीला असायचे. ओट्यावर बसले, पाणी पिले, काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वावरात गेलो तर आमची तूर डवरून झालेली होती. बैल त्यांचे. मला कोणी विचारलं ना की तुला जगताना कोणाचा विचार कामी आला, तर मी त्या काकांचं नाव सांगतो.

संत्राबाग
काळी माती भाऊ, वाईट कशाला वाटेल. तुम्ही लिहिलं हे फार बरं केलं. आई कशा आहेत?

काळी माती
बऱ्या आहेत ताई. बचत गटात जातात. यंदा तूर चांगली आहे.

मास्तर निवृत्त
बाळा, काकांना माझा रामराम सांग.

झाडीपट्टी
आमच्याकडून वरोरा जवळ. शाळेची सहल आनंदवनला गेली होती. बाबा आमटेंनी १९४९ ला कुष्ठरोग्यांसाठी उभारलेलं. 'श्रम ही है श्रीराम हमारा' हे तिथं वाचलं. बोटं झडलेला एक माणूस मागावर सतरंजी विणत होता. आमच्याकडं न पाहता म्हणाला, रंग कोणता आवडला सांगा. घरी आल्यावर मी कामाला नाही म्हणायचं सोडलं, आई अजून ती सहल काढते. धान मळणी सुरू आहे इकडं, रेंज पण नाही, जमलं तर रात्री.

पूर्णाकाठ
मोझरीले कोणी जाणार असन तं एक ग्रामगीता आणजा न बापा. पैसे फोनपे करतो.

वऱ्हाडी ठेचा
मी रविवारी चाललो. एकच का?

पूर्णाकाठ
दोन आण. एक बहिणीच्या अंगणवाडीसाठी.

मलकापूरची
मला पण एक. दूध उतू गेलं बाई बोलता बोलता. पुस्तक अकोल्यापर्यंत पोचवाल तर भाचा घेऊन येईल.

वऱ्हाडी ठेचा
पोचवतो. अजून कोणाला पाहिजे असेल तर शनिवारपर्यंत लिहा, सकाळच्या पहिल्या यष्टीनं निघतो.