वारा फुकट, झोप महाग

'शिडाची होडी म्हणजे वारा फुकट, दोघांनी नुसतं पडून राहायचं' असं इथल्या समुद्रसफरीच्या चर्चेत कुणीतरी लिहिलेलं वाचून हसूच आलं. माझी मावसबहीण आणि तिचे यजमान, दोघं कोथरूडचे, पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोसहून मार्केसास बेटांकडे अशाच होडीने गेले होते. अंतर साधारण ३००० सागरी मैल. वेग ५ नॉट, म्हणजे ताशी ५ सागरी मैल धरला तर दिवसाला १२० मैल, म्हणजे पंचवीस दिवस नुसतं पाणी!

आणि पडून कसलं राहताय? रात्री तीन-तीन तासांचा पहारा. एक उठला की दुसरा त्याच गरम अंथरुणात शिरणार. "आमची भेट फक्त जेवायला व्हायची," ताई म्हणते. दुपारी एक ते चार झोपणाऱ्या आपल्या पुणेकरांचं काही खरं नाही.

फ्रीजवर भरवसा नाही म्हणून अंडी रोज उलटी करून ठेवायची. पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच टाकून द्यायचे, त्यात झुरळांची अंडी असू शकतात. केळ्यांचा घड मात्र एकाच दिवशी पिकला. मग तीन दिवस शिकरण, शिकरण आणि शिकरण.

मार्केसासला पोचल्यावर नीरफणस दिसला. ताईने लगेच तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून काप तळले, अगदी कोकणातल्यासारखे.

बाकी, याच चर्चेत 'दिवाळीच्या सुट्टीत जाऊ' म्हणणाऱ्यांनी हे बघा: दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम. तेव्हा बरेच जण होड्या घेऊन न्यूझीलंड गाठतात. हौस असेलच तर आधी एखाद्या धरणावर डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, चालवून बघा, दोन-चारदा उलटली की कळेल.