लबाडी प्रश्नावलीतून मोजता येते का?

गंगापूर रोडकर:
अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीने भरतीच्या वेळी स्वभावचाचणी घ्यायला सुरुवात केली आहे आणि तीत ‘लोकांना जे ऐकायचे असते तेच सांगावे’ अशा धर्तीची विधाने आहेत. त्यांचा उगम रिचर्ड क्रिस्टी आणि फ्लॉरेन्स गाइस या मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या, सत्तेसाठीच्या डावपेचांवर लिहिणारा इटालियन मुत्सद्दी मॅकियाव्हेली याच्या लेखनावर बेतलेल्या वीस विधानांच्या ‘मॅक-४’ मापनश्रेणीत आहे; माणसे खेळवण्याची वृत्ती ती मोजते. माझा आक्षेप असा की, ज्याला माणसे खेळवता येतात, तो नोकरी मागताना अशा विधानापुढे ‘सहमत’ लिहीलच कशाला? अडकेल तो तोंडाने फटकळ, मनाने सरळ माणूस.

सातपूरकर:
मी मनुष्यबळ विभागात काम करतो. आपला आक्षेप क्रिस्टी-गाइस यांनाही ठाऊक होता, म्हणून तर त्यांनी पुढे ‘मॅक-५’ मध्ये सारख्याच प्रतिष्ठित वाटणाऱ्या पर्यायांतून निवड करायला लावली. शिवाय त्यांच्या एका प्रयोगात तिघांसमोर दहा डॉलर ठेवले जात आणि ज्या दोघांचे जमेल त्यांनी ते वाटून घ्यायचे असत. तिथे श्रेणीवर वरचे गुण मिळवणाऱ्यांच्या पदरात सरासरीने अधिक पैसे पडले. म्हणजे कागदाचा वागण्याशी संबंध आहे. चाचणी नाकारली, तर उरते ती साहेबांची नजर, आणि तिला आडनाव आधी दिसते.

गंगापूर रोडकर:
त्या प्रयोगात प्रश्नावली भरताना कुणाची भाकरी पणाला लागलेली नव्हती. सरासरीने गटाविषयी बोलता येते. समोरच्या एका उमेदवाराला त्यावरून नाकारणे निराळे. तीन गुण एकत्र मोजणाऱ्या, २०१० मधल्या बारा विधानांच्या संक्षिप्त चाचणीत तर माणसे खेळवण्याच्या या गुणाच्या वाट्याला अवघी चार विधाने येतात!

पंचवटीकर:
कौटिल्याने अमात्यांची पारख करण्यासाठी धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार उपधा सांगितल्या, म्हणजे गुप्तपणे आमिष किंवा भीती दाखवून माणूस काय करतो ते पाहिले. आज कंपनीने तसे करणे मला मान्य नाही, पण मत न विचारता वागणूक पाहावी हा त्यातला विचार खरा वाटतो. पिंपळगावकडचा बागायतदारही द्राक्षे देण्यापूर्वी व्यापाऱ्याने गेल्या हंगामात कुणाचे पैसे चुकते केले, याची चौकशी करतो.

सातपूरकर:
केवळ गुणांवरून कुणाला बाद करू नये, एवढे मला मान्य आहे. परंतु आमच्याकडे येणारी बहुतेक मुले नुकतीच आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली असतात. त्यांचा गेला हंगाम मी कुणाला विचारू?