डीपीच्या आढावा समितीत घेतलंय, आता नक्की बघायचं काय?

घाटाखालचा

नमस्कार मंडळी. आमचं गाव तालुक्याचं, नगरपरिषद आहे. सुधारित विकास आराखडा, म्हणजे डीपी, मंजूर होऊन बारा-तेरा वर्षं झाली आणि आता कुठे पालिकेने ठराव करून डीपी अंमलबजावणीची आढावा समिती काढलीय. चार नगरसेवक, एक आर्किटेक्ट, एक वकीलबाई आणि नागरिक प्रतिनिधी म्हणून अस्मादिक, बहुतेक वाचनालयात बसून सगळ्यांशी वाद घालतो त्याचं हे बक्षीस. दर तीन महिन्यांनी बैठक.

पहिली बैठक परवा झाली. चहा, वडा, पीपीटी. आरक्षणांची, म्हणजे बगीचा, शाळा, रस्ता असल्या कामांसाठी आराखड्यात राखून ठेवलेल्या जागांची यादी आणि प्रत्येकापुढे रंग, हिरवा म्हणजे झालं, पिवळा म्हणजे चालू, लाल म्हणजे बाकी. निम्म्याच्या वर हिरवं. मी खूष होणार एवढ्यात बघतो तर आमच्या घरामागचं बगीच्याचं आरक्षण पण हिरवं! तिथून मी रोज सकाळी फिरायला जातो हो, तिथे पालिकेचा एक गंजका बोर्ड, बाभळी आणि एका मावशींच्या शेळ्या, बाकी काही नाही. विचारलं तर उत्तर आलं की बोर्ड लावलाय म्हणजे कार्यवाही झालेली आहे. हिरवळ म्हणाल तर शेळ्या खातात तेवढीच.

तर प्रश्न असा की हे खरंखोटं कसं तपासायचं? मी बँकेत होतो, आकडे कळतात, पण नगररचना म्हणजे आपल्याला ओ की ठो कळत नाही. समितीला कायद्याने काही अधिकार असतात का, की नुसतं सह्या करून वडे खायचे?

निवृत्त_रचनासहायक

वडे खा, पण सही करताना जपून.

समिती ठरावाने झालीय, एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात अशी आढावा समिती नाही. कायद्यात नियोजन समिती आहे ती आराखड्यावर हरकती-सूचना ऐकायला, कलम २८ खाली, तिचं काम आराखडा मंजुरीला जाईपर्यंतच. पण म्हणून तुमच्या हातात काहीच नाही असं नका समजू. त्याच १९६६ च्या कायद्यात कलम ४२ आहे, दोन ओळींचं, कुणी वाचत नाही. आराखडा अंमलात आला की तो राबवण्यासाठी पावलं उचलणं हे नियोजन प्राधिकरणाचं कर्तव्य आहे असं त्यात म्हटलंय, म्हणजे तुमच्या गावात पालिकेचं. पहिल्या इतिवृत्तात हे कलम लिहून घ्या, पुढे उपयोगी पडतं.

आता रंगांचं. रंग बंद करा. मी नोकरीत असताना असे तक्ते स्वतः भरलेत त्यामुळे सांगतो, वरून फोन आला की पिवळ्याचं हिरवं व्हायला पाच मिनिटं लागतात, तारखेचं तसं करता येत नाही. एका आरक्षणाच्या वाटेत मोजणी येते, मग मालकाशी बोलणी किंवा भूसंपादनाचा प्रस्ताव, मग ताबा, मग सातबाऱ्यावर नाहीतर मिळकत पत्रिकेवर पालिकेचं नाव, आणि त्यानंतर खरंखुरं काम. प्रत्येकापुढे तारीख आणि कागदाचा नंबर मागा. ताबा पावती आहे पण फेरफार झालेलाच नाही अशी प्रकरणं सगळीकडे सापडतात, मालक वारला की मुलं कोर्टात जातात आणि बगीचा झाडांसकट अडकतो. तुमच्या बगीच्याची तर मला ताबा पावती तरी आहे का याचीच शंका आहे.

डीपी रस्त्यांचं वेगळंच असतं. रस्ता एवढे टक्के पूर्ण असं लिहितात, त्याला काही अर्थ नसतो. मधला एक वाडा राहिला की दोन्ही टोकं कितीही डांबरी करा, ॲम्ब्युलन्स जात नाही ती नाहीच. रस्त्याला एकच प्रश्न विचारायचा, इकडून तिकडे आरपार जाता येतं का आणि पूर्ण रुंदीने जाता येतं का.

गप्प_बसवत_नाही

समित्या येतात जातात, शेळ्या तिथेच असतात 😄

आरक्षणग्रस्त

काका तुम्ही सगळं पालिकेच्या बाजूने बघताय, आमच्यासारख्यांचं पण कुणीतरी त्या एक्सेलमध्ये लिहा.

आमच्या जागेवर प्राथमिक शाळेचं आरक्षण आहे, वडिलांच्या वेळेपासून. झोन दाखला काढला की आरक्षण दिसतं, मग बँक कर्ज देत नाही, गिऱ्हाईक येतं नि दाखला बघून जातं, आणि मोकळ्या जागेचा कर मात्र दरवर्षी बरोब्बर येतो. जागा घ्या म्हटलं तर पैसे नाहीत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभाव आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट, एवढे पैसे छोट्या पालिकेकडे कुठून येणार हे मलाही कळतं. मग म्हणतात टीडीआर घ्या, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे जादा बांधकाम करायचा हक्क, जो विकताही येतो. घेतो हो, पण विकू कुणाला? पुण्या-मुंबईत टीडीआरला बाजार आहे, आमच्याकडे तीन मजल्यांच्या वर कुणी बांधतच नाही, तो कागद काय फ्रेम करून लावू?

शेवटी आम्ही कलम १२७ ची नोटीस दिली. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, संपादनही सुरू केलं नाही, तर मालक मालकीचे कागद जोडून नोटीस देऊ शकतो. आधी पालिकेला ६ महिने मिळायचे, मग १२ झाले, २०१५ च्या दुरुस्तीपासून २४. तेवढ्यात काही केलं नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपलं, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो आपल्याला चालतो. आणि नुसता ठराव करून किंवा कलेक्टरला एक पत्र टाकून भागत नाही, गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००७ लाच सांगितलंय की पावलं म्हणजे संपादनाकडे खरोखर नेणारी पावलं पाहिजेत.

आमच्या नोटिशीला अजून उत्तर नाही. फाईल कुठल्या टेबलावर आहे तेही कुणी सांगत नाही. मला शाळेचा राग नाही, घ्या नाहीतर सोडा एवढंच म्हणणं आहे.

निवृत्त_रचनासहायक

@आरक्षणग्रस्त बरोबर बोललात, मी ते विसरलोच आणि खरं तर तेच आधी सांगायला हवं होतं. घाटाखालचे, तुमच्या डीपीला दहा वर्षं उलटून गेलीत ना, म्हणजे १२७ चं दार उघडलेलं आहे. सगळ्यात आधी आवक नोंदवहीतून १२७ च्या किती नोटिसा आल्या आणि कुठल्या तारखेला आल्या ते काढा. बाकी तक्ता नंतर भरला तरी चालेल. नोटीस क्लार्कच्या खणात आणि घड्याळ चालू, अशीच मैदानं गेलीत.

लेकीकडे_बॉस्टनला_नाही_नोकरीला

मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या टाऊनमध्ये राहते आणि दोन वर्षं अशाच समितीवर होते, मास्टर प्लॅन राबवला जातोय का ते बघणारी. इथे राज्याच्या कायद्यात, चॅप्टर ४१ च्या ८१डी कलमात, मास्टर प्लॅनचे नऊ भाग दिलेत, घरं, रस्ते, मोकळ्या जागा वगैरे, आणि नववा भाग अंमलबजावणीचाच. म्हणजे प्लॅन लिहितानाच कोण काय कधी करणार याचा तक्ता त्यात येतो, आमची समिती तोच घेऊन बसायची. बैठकीची नोटीस ४८ तास आधी लावावी लागते, त्यात शनिवार-रविवार धरत नाहीत, आणि कुणीही येऊन बसू शकतं. यायचे तसे दोनच आजोबा, पण यायचे.

आमच्याकडेही "चालू आहे" हा रोग होताच बरं का. सायकल ट्रॅक चालू, चालू, चालू. शेवटी आम्ही नियम केला की लागोपाठ दोन बैठकांत एखाद्या ओळीत काहीच बदललं नाही तर तिथला "चालू" खोडायचा, "अडलंय" लिहायचं आणि कुणामुळे किंवा कशामुळे ते पुढच्या रकान्यात. पहिल्या वेळी खूप चिडले लोक. पण त्यानंतर विभागांची माणसं बैठकीच्या आधी स्वतःहून फोन करायला लागली.

मात्र एक फरक आहे आणि तो मला वरचा प्रतिसाद वाचून जास्त जाणवला. इथला मास्टर प्लॅन म्हणजे गावाचं इच्छापत्र म्हणा, तो बंधनकारक नसतो, बंधन झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या जागेवर काय चालतं त्या नियमांचं. तो राबवला नाही तर गाव हळहळतं. तुमच्याकडे डीपीतलं आरक्षण त्याच दिवसापासून कुणाच्यातरी जागेवर बसतं. त्यामुळे आमच्यासारखा निवांतपणा तुम्हाला परवडणार नाही.

पुणेकर_नाइलाजाने

@घाटाखालचा डीपीचं पुनरीक्षण किमान २० वर्षांतून एकदा करायचं असतं, कलम ३८. तुमचं काम आत्ता नीट झालं तर पुढचा आराखडा करणाऱ्यांना तयार माहिती मिळेल. आमच्याकडे जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ चा, पुढचा मंजूर झाला २०१७ ला. आणि मुंबईत २०१५ ला मसुद्यात इतक्या चुका निघाल्या की मुख्यमंत्र्यांनी तो परत करायला लावला. जमिनीवर काय आहे ते धड न बघता कागद रंगवले की असं होतं. तुम्ही निदान भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला आपल्या भागाचा नकाशा, हातात घेऊन एकदा गावभर फिरा, समितीला पण फिरवा, एका रविवारी होतं.

माहिती दिली नाही तर आरटीआय आहेच, दहा रुपये. पण समितीत असताना आरटीआय टाकलात तर लोक तोंड वाकडं करतील, आधी लेखी मागा.

घाटाखालचा

सगळ्यांचे आभार, थोडा उशीर झाला कारण आवक नोंदवही बघायला तीन हेलपाटे पडले. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला, दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली नाही. वकीलबाईंना बरोबर नेलं तेव्हा दहा मिनिटांत मिळाली.

नोंदवहीत १२७ च्या चार नोटिसा आहेत. पीपीटीत त्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. आणि त्यातली एक, सांगायला नको, आमच्या शेळ्यांच्या बगीच्याची. सातबारा काढला, तीन भावांची नावं, पालिकेचं नाव नाही, इतर हक्कात पण काही नाही. नोटीस येऊन सतरा महिने झालेत. म्हणजे हिरवं म्हणून टाळ्या वाजवत होतो त्या जागेला आता सात महिने उरलेत आणि एक कागदसुद्धा पुढे सरकलेला नाही.

पुढची बैठक दोन महिन्यांनी आहे, तोपर्यंत थांबत नाही. उद्या मुख्याधिकाऱ्यांना लेखी देतोय, सोबत चारही नोटिसांच्या तारखा आणि २४ महिने कधी संपतात ते. अर्जात कलम ४२ पण घातलंय काका. तिघा भावांपैकी थोरल्याला मी ओळखतो, शाळेत माझ्या पुढे होता, तो म्हणाला पैसे दिले तर आजही देतो, आम्हाला काय बाभळी सांभाळायची हौस आहे. राज्य सरकारच्या नगरोत्थान योजनेतून भूसंपादनाला पैसे मिळतात का, की त्यासाठी पालिकेच्या बजेटमध्येच वेगळी तरतूद लागते? कुणाला अनुभव असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, पत्रात तो मुद्दा टाकायचाय.