'विश्वास जगली' की 'विश्वासाला जागली'?

मिरजकर: आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक नर्स, सिस्टर म्हणतो आम्ही, निवृत्त होताहेत, त्यांचं मानपत्र माझ्याकडे आलंय. मुलीनं परदेशातून इंग्रजी मजकूर पाठवला. त्यातल्या एका ओळीचं मी 'आई आपला विश्वास जगली' असं केलं. पाळकसाहेबांना आवडलं. आमचे वडील मराठीचे शिक्षक होते, ते म्हणाले, "जगणे अकर्मक. खोड ते." 'धार्मिक' लिहवत नाही, रविवारी उपासनेच्या वेळी त्या बहुधा वॉर्डातच असायच्या. 'श्रद्धा' आमच्यात म्हणत नाहीत. काय लिहू?

व्याकरणवेडा: वडिलांचं बरोबर आहे. 'आयुष्य जगणे' चालतं कारण कर्म धातूच्याच अर्थाचं आहे, जसं 'खेळ खेळणे', 'लढाई लढणे'. विश्वास तसा नाही. 'आचरणात आणला' लिहा.

कृष्णाकाठ, सांगली: सर, ते परिपत्रकासारखं वाटतं. आपल्याकडे 'जागणे' आहे की! शब्दाला जागला, मिठाला जागला. 'विश्वासाला जागली' लिहा.

मिरजकर: छान आहे दादा, पण तिथं विश्वास दुसऱ्यानं आपल्यावर टाकलेला असतो. इथं तिचा देवावरचा आहे.

वाईची लेक: मग देवानं तिच्यावर टाकलेला म्हणा! माझी आई मिरजेला मिशन हॉस्पिटलात होती. आई माळकरी. रात्रपाळीच्या सिस्टर तिची वेणीफणी करायच्या, शेजारच्या खाटेवरच्या एकट्या म्हातारीसाठी घरून भाकरी आणायच्या. आईनं एकदा विचारलं, "बाई, तुमचा देव कोणता?" तर म्हणाल्या, "आधी पेज प्या, गार होतीय." धर्माचं एक अक्षर बोलल्या नाहीत. आई अजून त्यांचं नाव काढते. १८९४ पासून त्या दवाखान्यात अशा किती जणी होऊन गेल्या असतील. त्यांना अकर्मक-सकर्मक लावू नका.

नव्या कराराचा वाचक: सरळ 'विश्वासी' लिहा. मंडळीत रूढ आहे.

मिरजकर: तोच शब्द टाळतोय. आमच्याकडे 'विश्वासी' आणि 'नामधारी' अशी माणसांची वाटणी होते. हजेरी कमी म्हणून सिस्टरना नामधारी म्हणणारेही भेटलेत मला. बायबलमधलं याकोबाचं पत्र तर क्रियांवाचून विश्वास निर्जीव म्हणतं, तिथं हजेरीचं काही नाही.

कृष्णाकाठ, सांगली: मग 'विश्वासू'? साधा, घरातला शब्द.

व्याकरणवेडा: 'विश्वासू' म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकावा तो. ठेवणारा तो नव्हे. आणि 'श्रद्धा' का नको? श्रत् अधिक धा. लॅटिन 'क्रेदो', म्हणजे 'मी विश्वास ठेवतो', याच कुळातला आणि चर्चची जुनी कबुली त्याच शब्दानं सुरू होते. हा तर तुमचाच शब्द.

मिरजकर: कूळ असेल सर. पण प्रार्थनेत माझ्या आजीच्या तोंडी 'विश्वास'च होता. मला तोच सोडवत नाही.

साताऱ्याचा: या सगळ्याचं उत्तर आमच्या गावात होऊन गेलंय. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही जागा. ख्रिस्ताच्या मागं चालणं महत्त्वाचं. तिथं 'विश्वासी' कोण हे कोणी ठरवायचं?

नव्या कराराचा वाचक: थांबा. त्यावरून बाप्तिस्मा ऐच्छिक ठरत नाही. टिळकांनी स्वतः १८९५ मध्ये घेतला होता, आणि त्यापायी घर दुरावलं, लक्ष्मीबाईंपासून काही वर्षं लांब राहावं लागलं. एवढी किंमत मोजणारा माणूस त्याला बिनमहत्त्वाचा मानेल?

साताऱ्याचा: बिनमहत्त्वाचा कोण म्हणतंय? दारात अट म्हणून उभा केला नाही, एवढंच.

व्याकरणवेडा: पण 'दरबार' हा शब्द खटकतो. फारसी, राजेशाही. देवापुढं मुजरा करायचा का? 'सभा' म्हणता आलं असतं.

वाईची लेक: 'सभा' म्हटलं की अध्यक्ष आला, ठराव आला. दरबारात फिर्याद घेऊन कोणीही जातं. आणि सर, फारसी 'दर' म्हणजे दारच.

व्याकरणवेडा: 'दर' दार, मान्य. 'बार'चं काय?