मदत हवी आहे: ड्युटीला आणि साध्या वेशात चालेल असं एकच पॉलिमर (प्लास्टिकच्या सांगाड्याचं) पिस्तूल कोणतं?

नमस्कार मंडळी,

पोलीस खात्याने मंजूर केलेल्या यादीतून पिस्तूल निवडायचं आहे. तेच सुट्टीवर असताना साध्या कपड्यांतही जवळ ठेवणार आहे, त्यामुळे दोन्हीकडे निभेल असं हवंय. परवाना, प्रशिक्षण झालेलं आहे. कॅलिबर (गोळीचं माप) ९ बाय १९ मिमीच, त्यावर कृपया वाद नको. मी डावखुरी आहे आणि हात लहान आहेत. अर्धं दुखणं तिथेच आहे.

पहिलं नाव अर्थात ग्लॉक. ग्लॉक १७ मध्ये ११४ मिमी बॅरल (नळी) आणि १७ गोळ्या. ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ साली घेतलं तेव्हापासून त्याच्या भरवशाबद्दल फारसं कोणी वाकडं बोलत नाही. गणवेशावर उत्तम, पण शर्टाखाली मूठ उठून दिसते. लपवताना बॅरल नाही, मूठच नडते. म्हणून ग्लॉक १९ कडे कल आहे: १०२ मिमी, १५ गोळ्या. पाचव्या पिढीत बोटांच्या खाचा गेल्या (बरं झालं, माझी बोटं त्यांत कधीच बसायची नाहीत) आणि स्लाइड स्टॉप (स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे अडवणारी कळ) दोन्ही बाजूंना आला. खटकतं ते एकच. साफसफाईसाठी खोलताना ट्रिगर दाबावा लागतो. मॅगझिन काढून, स्लाइड ओढून, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासलं तर काही होत नाही, मान्य. पण रात्रपाळी करून आलेलं माणूस क्रम चुकवू शकतं.

स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी २.० ला तसा ट्रिगर दाबावा लागत नाही, आत एक छोटा लिव्हर खाली पाडला की काम होतं. मुठीचे चार आकार सोबत येतात. मात्र पकड इतकी खरखरीत आहे की उघड्या त्वचेला दिवसभर घासली तर सोलवटून निघेल असं वाटतं. कोणी रोज वापरतं का?

हेकलर अँड कॉखचं व्हीपी९ हातात सर्वांत छान बसलं. मागची पट्टी आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वेगवेगळ्या बदलता येतात. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर नीट पोचलं. एरवी मला मूठ थोडी फिरवून धरावी लागते आणि मग झटका सगळा अंगठ्याच्या सांध्यावर येतो. पण मुठीची उंची जवळजवळ ग्लॉक १७ एवढी, म्हणजे शर्टाचा प्रश्न पुन्हा आलाच.

राहिलं सिग सावरचं पी३२०. कल्पना फारच आवडली: नोंदणी क्रमांक आतल्या ट्रिगरच्या संचावर असतो, त्यामुळे बाहेरची मूठ लहान-मोठी करता येते. अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये एम१७ म्हणून तेच निवडलं. त्याच वर्षी विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटते हे समोर आलं आणि कंपनीने कमी वजनाचा ट्रिगर बसवून वगैरे सुधारणा दिली. त्यानंतरही ट्रिगरला हात न लावता सुटल्याच्या तक्रारी झाल्या, खटले झाले. कंपनीला ते मान्य नाही. खरं-खोटं तज्ज्ञ ठरवोत, पण पोटाजवळ बाळगायचं म्हटल्यावर मन कचरतं.

तर विचारायचं हे:

ग्लॉक १९ आणि एम अँड पीचं कॉम्पॅक्ट मॉडेल दोन्ही चालवलेल्यांनी ट्रिगरबद्दल सांगा. सलग दोन गोळ्या झाडताना कुठे फरक जाणवतो?

डावखुऱ्यांनी मॅगझिन सोडायचं बटण बाजू बदलून लावलं की तसंच ठेवून तर्जनीने दाबता? ठाण्यातल्या इतरांची पिस्तुलं उजव्या हाताची, त्यामुळे सवय कोणती लावावी कळत नाही.

एम अँड पीवर हाताने लावायची सेफ्टी असलेलं मॉडेल मिळतं. ती घ्यावी का? आमच्या प्रशिक्षकांचं मत ‘नको, घाईत विसराल’. मला मात्र कपड्यांच्या आत ठेवताना ती असावीशी वाटते.

‘दोन वेगवेगळी घ्या’ हा सल्ला नको, यादीतून एकच मिळणार आहे. आणि फोटो पाहून नव्हे, वापरून सांगा.