औषधाची पट्टी वाचायला प्रौढांच्या वर्गात कसं शिकवावं?

प्रश्न (रामबाग, इंदूर)
संध्याकाळी बायकांचा साक्षरता वर्ग घेते. बहुतेक जणी चार घरचा स्वयंपाक उरकून येतात. आता अक्षरं जुळवतात, आकडेही ओळखतात, पण औषधावरचं बरंचसं इंग्रजीत. मी समजावते, त्या ‘हो ताई’ म्हणतात. मग एकीला विचारलं, ओआरएस (जुलाब झाल्यावर द्यायचं क्षार-साखरेचं पाणी) कसं करणार? म्हणाली, ‘पुडी ग्लासभर पाण्यात टाकायची.’ खरंच कळलंय की नाही, हे ओळखायचं कसं?

उत्तर (निवृत्त परिचारिका, सुदामा नगर)
ताई, ‘समजलं का?’ हे विचारूच नका. त्यावर नाही म्हणायला माणूस संकोचतो. ‘घरी सासूबाईंना कसं सांगाल, ते मला सांगा’ असं म्हणा. अडखळली तर तिला दोष नाही, आपण शब्द बदलून पुन्हा सांगायचं आणि पुन्हा तिच्याकडून ऐकायचं.

ओआरएस वर्गातच करा. मोठी पुडी १ लिटरची असते, पण २०० मिलीची छोटीही मिळते. छोटी असेल तर त्या बाईचं उत्तर बरोबरच आहे! म्हणून पुडीवरचा आकडा आधी तिलाच शोधू द्या. मोठी पुडी ग्लासात घोळली तर क्षार फार होतात, लहान बाळाच्या ते जिवावर बेतू शकतं. केलेलं पाणी २४ तासांनी उरलं तर ओतून द्यायचं.

उत्तर (औषधाचं दुकान, राजवाड्याजवळ)
घरातल्याच पट्ट्या आणायला सांगा. मुदतीचा महिना आणि वर्ष शोधायला लावा. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. गोळ्या कापून घेताना मुदत छापलेला तुकडा शेवटपर्यंत राखायचा. अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. ती दिसली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे अक्षर न येणाऱ्यालाही कळतं. शिवाय तापाच्या आणि सर्दीच्या गोळीत पुष्कळदा एकच पॅरासिटामॉल असतं. दोन्ही मिळून डोस जास्त झाला तर यकृताला इजा होते. हे जरूर सांगा, फार घरांत घडतं.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. दोन्ही पुड्या आणि लिटरची बाटली घेऊन जाते. बीपीवाल्या दोघी आहेत, मीठ कसं मोजायला शिकवू? सकाळी पोह्यांवर शेव हवीच त्यांना.

उत्तर (निवृत्त परिचारिका)
मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा, आणि तेही शेव, पापड, लोणचं धरून. चमच्यापेक्षा पिशवीवरून विचारा. चार मोठ्या माणसांच्या घरात १ किलो मीठ किमान ५० दिवस पुरायला हवं, शेव रोज असेल तर त्याहून जास्त. पिशवी कधी फोडली, ती तारीख तिच्यावरच लिहायला लावा, लिहिण्याचाही सराव होईल.